फलकावरची एक ओळ

आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत, कपाटाच्या वर, एक लाकडी फलक आहे. काळ्या रंगावर पिवळ्या अक्षरांत आजवरच्या मुख्याध्यापकांची नावं, आणि प्रत्येक नावापुढे दोन रकाने: पासून, पर्यंत. दिवाळीच्या सुट्टीत तो रंगवायला काढला, तेव्हा पेंटरने फूटपट्टी लावून सांगितलं की खाली जागा पुरत नाही, एखादी ओळ तरी कमी करावी लागेल. ऑफिसातले भाऊसाहेब चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "मग त्या मधल्या बाईंचं नाव गाळा की! दीड महिना तर होत्या." सगळे हसले. त्यात दुष्टपणा नव्हता. बाई आयुष्यभर गणित शिकवत आल्या आणि सेवाज्येष्ठतेने खुर्ची मिळाली ती निवृत्तीच्या तोंडावर. टेबलाच्या खणातल्या चाव्या कुठल्या कुलपाच्या हे कळेपर्यंत त्यांचा निरोप समारंभ झाला. हिशोबाने पाहिलं तर भाऊसाहेबांचं काय चुकलं? तरी ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. खुर्चीवर किती दिवस बसलं म्हणजे माणूस फलकावर राहतो, याचा काही नियम असतो का?

आणि मग, आमच्या शाळेशी ज्यांचा सुतराम संबंध नाही असे एक गृहस्थ आठवायला लागले. आल्बिनो लुचियानी. पोप जॉन पॉल पहिले.

फलक कॅथलिक चर्चकडेही आहे, आमच्यापेक्षा पुष्कळच लांब, आणि गाळागाळी तिथेही झालेली आहे. इसवी सन ७५२ मध्ये रोममध्ये स्टीफन नावाच्या एका धर्मगुरूची पोप म्हणून निवड झाली आणि तीन-चार दिवसांत, बिशपपदाची दीक्षा होण्याआधीच, त्याला झटका आला आणि तो गेला. पुढे कित्येक शतकं हे नाव यादीत होतं. १९६१ मध्ये व्हॅटिकनच्या अधिकृत वार्षिकातून ते काढून टाकलं. झालं, त्याच्यानंतरच्या यच्चयावत स्टीफनांचे क्रमांक एकेकाने खाली घसरले, आणि आजही काही ग्रंथांत दोन-दोन आकडे छापावे लागतात. एक नाव गाळल्यावर केवढी उस्तवार करावी लागते, हे भाऊसाहेबांना सांगायला हवं होतं. लुचियानी यांच्या बाबतीत असा प्रश्न नाही. त्यांची ओळ पक्की आहे: २६ ऑगस्ट १९७८ ते २८ सप्टेंबर १९७८. तेहतीस दिवस. अडचण अशी की लोकांना त्यांच्याबद्दल तो आकडाच तेवढा ठाऊक असतो. आकडा, आणि तो सांगताना केलेला गूढ चेहरा.

माझं लहानपण गिरगावातलं. आमच्या गल्लीत मराठी चाळी आणि ख्रिस्ती मंडळींची लाकडी जिन्यांची घरं एकमेकांना खेटून होती. समोरच्या आंटींकडे व्हरांड्यात येशूच्या तसबिरीखाली पोप पॉल सहावे यांचा फोटो होता. १९६४ च्या डिसेंबरमध्ये ते मुंबईत आले तेव्हा ओव्हल मैदानाच्या गर्दीत आपण उभ्या होतो, हे आंटी कुणालाही आणि कितीही वेळा सांगायच्या. ऑगस्ट १९७८ मध्ये ते गेले तेव्हा फोटोला काळी रिबीन लागली. मग महिन्याच्या शेवटी नवे पोप आले. आंटींनी पेपरातला नाही, तर चर्चमधून मिळालेला बरा रंगीत फोटो फ्रेमवाल्याकडे टाकला. फ्रेमवाल्याच्या पुढ्यात गणपती आणि पाठोपाठ नवरात्र, म्हणजे बाकीची कामं मागे. फ्रेम घरी आली तेव्हा फोटोतला माणूस जाऊन काही दिवस झाले होते. "पुन्हा पोप गेले?" असं मी विचारल्याचं आठवतं, कारण मला वाटलं पेपरवाल्यांनी जुनीच बातमी दुसऱ्यांदा छापली आहे. आंटींनी फ्रेम लावली. पॉलच्या शेजारीच लावली. फ्रेमचे पैसे दिले आहेत म्हणून लावली की आणखी कशासाठी, ते मला सांगता यायचं नाही. नव्या काचेला टर्पेंटाइनचा वास येत होता आणि आतला माणूस हसत होता.

ते हसू हीच त्यांची ओळख झाली. 'हसरा पोप' म्हणतात. मला या नावाची थोडी चीड आहे. ज्या माणसाविषयी फारसं बोलायचं नसतं त्याच्याविषयी आपण "स्वभावाने गोड होते हो" म्हणतो, त्या जातीचं हे नाव आहे.

खरं तर त्यांचा पहिला दिवसच मोठा गमतीचा आहे. सिस्टीन चॅपेलमध्ये पोप निवडणारे एकशे अकरा कार्डिनल जमले होते. चौथ्या फेरीत लुचियानी निवडून आले, म्हणजे एका दिवसात काम संपलं. पांढरा धूर म्हणजे पोप ठरले, काळा म्हणजे अजून नाही. पण धुराड्यातून निघालेला धूर धड पांढरा नाही, धड काळा नाही. चौकातले लोक एकमेकांना विचारत राहिले, काहींनी तर घरची वाट धरली. दुसऱ्या दिवशी रविवारी दुपारी खिडकीत येऊन नवे पोप लोकांना काय सांगतात? काल सकाळी मी शांतपणे सिस्टीनमध्ये मत द्यायला गेलो, काय घडणार आहे याची कल्पनाही केली नव्हती. माझ्यावरचा धोका दिसायला लागला तेव्हा शेजारच्या दोघा सहकाऱ्यांनी कानात धीराचे शब्द सांगितले. धोका! पोपपदाला धोका म्हणणारा हा माणूस 'आम्ही' सोडून 'मी' बोलत होता. शतकानुशतकं पोप स्वतःला 'आम्ही' म्हणत आले होते. पुढे आपल्या आधीच्या दोन पोपांविषयी ते म्हणाले की पोप जॉनच्या हृदयातलं शहाणपण माझ्याकडे नाही, पोप पॉलची तयारी आणि विद्वत्ता नाही, तरी मी त्यांच्या जागी आहे. एकाने मला बिशप केलं, दुसऱ्याने व्हेनिसमध्ये माझ्या खांद्यावर स्वतःचा पट्टा घालून हजारो लोकांसमोर मला लाजेने लाल केलं, म्हणून दोघांचीही नावं घेतली. जोडनाव घेणारा हा पहिलाच पोप. आणि डोक्यावर तिहेरी मुकुट चढवण्याचा सोहळाही त्यांनी नको म्हटला. ३ सप्टेंबरला साधी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाली आणि कारभार सुरू झाला.

या साधेपणाची मुळं डोंगरात आहेत. उत्तर इटलीत, डोलोमाइट पर्वतांच्या कुशीत, बेलुनो प्रांतातल्या एका खेड्यात १७ ऑक्टोबर १९१२ ला त्यांचा जन्म झाला. तब्येत इतकी नाजूक, की मूल जगतं की नाही या भीतीने सुईणीनेच तिथल्या तिथे बाप्तिस्मा देऊन टाकला. वडील गवंडीकाम करायचे, हंगामी मजुरीसाठी सीमेपलीकडे जायचे, आणि समाजवादी होते. चर्चवाल्यांवर त्यांचा फारसा जीव नव्हता. मुलाला धर्मगुरू व्हायचंय असं कळल्यावर परमुलखातून त्यांनी परवानगीचं पत्र पाठवलं आणि त्यात लिहिलं की तू गरिबांच्या बाजूने उभा राहशील अशी आशा आहे, कारण ख्रिस्त त्यांच्याच बाजूने होता. लुचियानी यांनी ते पत्र जपून ठेवलं. कोकणातून गिरणीत आलेल्या कितीतरी बापांनी गावी अशी पत्रं पाठवली असतील, नुसती मनीऑर्डरीच्या खालच्या चतकोर जागेत. तेव्हा मला हा बाप परका वाटत नाही. मुलाने काय व्हावं ते त्याच्या मनासारखं नव्हतं, पण व्हायचंच असेल तर कसं व्हावं, ते त्याने सांगून ठेवलं.

पुढची वर्षं भराभर सांगता येतील. बेलुनोच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेत, अनेक वर्षं अध्यापन, १९५८ मध्ये व्हित्तोरियो व्हेनेतोचे बिशप, १९६९ च्या अखेरीस व्हेनिसचे पॅट्रिआर्क, म्हणजे तिथले प्रमुख बिशप, १९७३ मध्ये कार्डिनल. मधल्या काळात पादुआच्या एका मासिकात ते दर महिन्याला पत्रं लिहायचे, तीही डिकन्सला, मार्क ट्वेनला, पिनोकिओला. मेलेल्या लेखकांना आणि लाकडी बाहुल्याला पत्र लिहिणारा धर्मगुरू मला फार आवडतो. शिक्षकी पेशातल्या माणसाला कळतं, की हे मास्तर आहेत आणि यांना वर्ग झोपू द्यायचा नाहीये.

पण नुसतं हसूच नव्हतं.

मोंतानेर नावाचं एक गाव त्यांच्याच धर्मप्रांतात होतं. म्हातारे धर्मगुरू वारले, गावाला त्यांच्या हाताखालचा तरुण धर्मगुरूच पुढे हवा होता. बिशप लुचियानी यांनी नाही म्हटलं आणि दुसऱ्याची नेमणूक केली. गाव हटून बसलं. मिटवामिटवी होईना. १९६७ मध्ये शेवटी बिशप पोलीस बंदोबस्तात गावात आले आणि चर्चमधलं पवित्र ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, उचलून घेऊन गेले. म्हणजे देवच उठवून नेला, असं समजा. गावातल्या बऱ्याच लोकांनी त्यानंतर ऑर्थोडॉक्स पंथ धरला. ही हकीकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा आंटींच्या व्हरांड्यातला फोटो मनात जरा वाकडा झाला. गावकऱ्यांना त्यांचा माणूस दिला असता तर काय बिघडलं असतं? आणि दुसरीकडे त्याच धर्मप्रांतातली दुसरी गोष्ट अशी, की १९६२ मध्ये दोन धर्मगुरूंच्या पैशाच्या भानगडीत लहान ठेवीदार बुडाले, तेव्हा याच बिशपांनी अंग झटकलं नाही. चर्चची मालमत्ता विकू पण लोकांची पै न् पै परत करू, असं ठरवलं आणि केलं. नियम मोडायचा नाही, हे दोन्ही ठिकाणी सारखंच. एका ठिकाणी तो माणुसकीचा दिसतो, दुसऱ्या ठिकाणी अडेलपणाचा. पोप होण्याच्या थोडंसं आधी, जुलैमध्ये, इंग्लंडमध्ये पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. त्या तंत्राला चर्चची मान्यता नव्हती आणि लुचियानी यांनाही शंका होत्याच. तरी त्यांनी मुलाखतीत आधी त्या मुलीला शुभेच्छा दिल्या आणि म्हणाले, आईबापांना दोष द्यायचा मला अधिकार नाही. हे तिन्ही प्रसंग एकाच माणसाचे.

म्हणूनच मला राहून राहून वाटतं, की आपल्याला ते आवडतात याचं एक कारण ते लवकर गेले हे असावं. आणखी पाच वर्षं मिळती तर नेमणुका कराव्या लागत्या, व्हॅटिकनच्या बँकेच्या भानगडींत हात घालावा लागता, कुठल्या तरी मोंतानेरला पुन्हा नाही म्हणावं लागतं. निराश करायलासुद्धा वेळ लागतो, आणि तोच त्यांना मिळाला नाही. हा विचार मनात येतो तेव्हा माझी मलाच लाज वाटते. पण तो खोटा आहे असंही म्हणवत नाही.

मिळालेल्या दिवसांत मात्र गर्दी होती. ५ सप्टेंबरला लेनिनग्राडचे ऑर्थोडॉक्स मेट्रोपोलिटन निकोडिम भेटीला आले. वय अवघं अठ्ठेचाळीस. बोलता बोलता त्यांचं हृदय बंद पडलं आणि नव्या पोपच्या हातांतच त्यांनी प्राण सोडला. खुर्चीवर येऊन दहावा-अकरावा दिवस. मग ११ सप्टेंबरला इकडे मुंबईत कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस गेले. कराचीत जन्मलेले, गोवेकर आईबापांचे, मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप आणि भारताचे पहिले कार्डिनल. पॉल सहावे मुंबईत आले तेव्हाचे यजमान तेच. ऑगस्टच्या निवडणुकीला मताचा अधिकार असून जे तिघे आजारपणामुळे जाऊ शकले नाहीत, त्यांत हे एक होते. म्हणजे मुंबईचं मत त्या धुरात नव्हतंच. आंटींचा महिना किती विचित्र गेला असेल, हे मला आत्ता कळतं. रोमचा एक, मुंबईचा एक, पुन्हा रोमचा एक. काळी रिबीन काढून ठेवायला त्यांना सवडच मिळाली नसेल.

१० सप्टेंबरला खिडकीतून बोलताना ते म्हणून गेले की देव आपला बाप आहे, त्याहूनही अधिक तो आई आहे. रोममध्ये यावर भुवया उंचावल्या. आपल्याकडे 'विठाई माउली' म्हणत वाढलेल्या माणसाला यात खळबळजनक काय ते चटकन कळत नाही. पण व्हॅटिकनच्या खिडकीतून, १९७८ मध्ये, हे वाक्य मोठं होतं.

त्यांच्या मृत्यूबद्दल मी थोडक्यातच लिहिणार आहे, कारण बाकी सगळे त्याबद्दलच लिहितात. २८ सप्टेंबरच्या रात्री ते गेले. रोज पहाटे त्यांच्यासाठी बाहेर कॉफी ठेवणाऱ्या वयस्क सिस्टरना २९ तारखेला ती तशीच दिसली. त्या आत गेल्या आणि पलंगावर दिवा चालू, हातात कागद, असे पोप त्यांना दिसले. व्हॅटिकनने मात्र जाहीर केलं की सचिवांनी त्यांना पाहिलं. पोपच्या शयनगृहात पहाटे एक बाई गेली, हे सांगायला संकोच वाटला असावा. शवविच्छेदन झालं नाही. एवढ्या एका फालतू लपवालपवीवर पुढची कित्येक दशकं विषप्रयोगाच्या कथांचा धंदा चालला: बँक, कट, खून. नंतर कागदपत्रं आणि साक्षी तपासून झालेलं काम वाचलं तर हृदयविकार यापलीकडे काही उरत नाही. त्या संध्याकाळी छातीत कळ आली होती, ती त्यांनी मनावर घेतली नव्हती. मला राग याचा येतो, की जिच्याबद्दल खरं बोलायची लाज वाटली त्या बाईमुळे नव्हे, तर लाज वाटणाऱ्यांमुळे एका माणसाचं पासष्ट वर्षांचं आयुष्य एका रात्रीपुरतं उरलं. त्या सिस्टर वर्षानुवर्षं त्यांच्या घरात राबल्या होत्या. अधिकृत हकिकतीतून त्यांचंच नाव गाळलं गेलं.

अल्पकाळ टिकलेले पोप काही ते एकटे नाहीत. १५९० मध्ये सातवे अर्बन निवडून आल्यावर दोन आठवडेसुद्धा टिकले नाहीत, मलेरियाने गेले. ८९७ मध्ये दुसरे थिओडोर जेमतेम वीस दिवस होते. पण त्याच वर्षी आधीच्या एका पोपने फॉर्मोसस या त्याहून आधीच्या पोपचं प्रेत कबरीतून उकरून, वस्त्रं चढवून, त्याच्यावर खटला चालवला होता. ते प्रेत सन्मानाने पुन्हा पुरण्याचं काम थिओडोरने केलं. वीस दिवसांत एवढं केलं तरी पुरे म्हणायचं. आणि दुसरे मार्सेलस, १५५५ चे, एकूण बावीस दिवस. गुड फ्रायडेला त्यांनी गायकांना बोलावून बजावलं की आजच्या दिवसाला शोभेल असं गा, आणि शब्द ऐकू येतील असं गा. पुढे पालेस्त्रीना या संगीतकाराने सहा आवाजांची एक मिस्सा रचली, ती त्यांच्या नावाने आजही गायली जाते. एवढे आवाज एकमेकांत गुंफलेले आणि तरी शब्द बऱ्यापैकी सुटा ऐकू येतो. मी ती रात्री भांडी आवरताना लावते. लॅटिनचं मला अक्षर कळत नाही, पण अक्षर आहे हे कळतं.

लुचियानी यांच्या नावाने अशी रचना नाही. २०२२ च्या ४ सप्टेंबरला, धो धो पावसात, पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपदाच्या आधीची पायरी दिली, ती वेगळी गोष्ट. मला त्यांचं उरलेलं काम दिसतं ते बुधवारच्या सभांत, जिथे पोप दर आठवड्याला लोकांशी बोलतात. एकंदर चारच बुधवार मिळाले. ही चारही भाषणं एका बैठकीत वाचून होतात, आणि वाचताना हे पोप आहेत हे विसरायला होतं. मध्येच रोमन बोलीतली कविता म्हणतात, मध्येच एखाद्या मुलाला पुढे बोलावतात. शेवटच्या बुधवारी, २७ सप्टेंबरला, त्यांनी पाचवीतल्या एका मुलाला विचारलं, तुला कायम पाचवीतच राहायला आवडेल का? प्रगती, पुढे जाण्याची ओढ, असा काहीतरी मुद्दा त्यांना काढायचा होता आणि मुलाने 'नाही' म्हणायला हवं होतं. मुलगा म्हणाला, हो, म्हणजे बाई बदलणार नाहीत. सभा हसली. पाठाची तयारी करून आलेल्या मास्तरांची अशी दांडी उडते तेव्हा काय होतं ते मला चांगलंच ठाऊक आहे. लुचियानी म्हणाले, तू पोपपेक्षा वेगळा आहेस बाबा. मी चौथीत होतो तेव्हा पाचवीत जाईन की नाही याची मला काळजी असायची. आणि पाठ पुढे चालू.

हे पाठ एका योजनेने चालले होते. १३ तारखेला त्यांनी सांगितलं होतं, की पोप जॉन यांच्या एका टिपणात सात दिव्यांचा उल्लेख आहे: विश्वास, आशा, प्रीती, आणि मग विवेक, न्याय, धैर्य, संयम. यांतला निदान पहिला तरी या गरीब पोपला उजळून दाखवता येतो का पाहू, असं ते म्हणाले होते. त्या दिवशी विश्वास झाला, पुढच्या बुधवारी आशा, २७ ला प्रीती. चार राहिले. त्याच्या पुढचा बुधवार म्हणजे ४ ऑक्टोबर, आणि त्या दिवशी सेंट पीटर्सच्या चौकात पावसात त्यांची शवपेटी होती. १६ ऑक्टोबरला पोलंडचे कार्डिनल वॉयतिला निवडून आले आणि त्यांनी तेच नाव घेतलं, पुढे फक्त 'दुसरे' लावलं. सव्वीस वर्षांहून जास्त काळ ते राहिले, जगभर फिरले, स्वतःचे विषय काढले, त्यांतल्या काहींशी मी मनातल्या मनात भांडलेही आहे. पण २५ ऑक्टोबरला ते पहिल्यांदा बुधवारच्या सभेला आले तेव्हा, बदलीवर आलेले गुरुजी पहिल्या बाकावरच्या मुलाला "कुठपर्यंत आलंय?" विचारतात तसे, थेट विवेकापाशी येऊन थांबले. आधीच्यांनी योजलेलं पुढे नेतोय, असं सांगून त्यांनी तो पाठ घेतला. नोव्हेंबर संपायच्या आत न्याय, धैर्य आणि संयमही शिकवून झाले होते.